इंजिनाची जागा विहिरीबाहेर

मोट आणि रहाट यांच्या जागी तेलावर चालणारे इंजिन आले, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला आणि पुढील काळात इंजिनाचा पंप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचयाचा झाला. बैलांचे कष्ट वाचले, भिजणारे क्षेत्र वाढले. मात्र एक जुनी शिस्त मागे पडली. मोटेचे बैल धावेवर चालत. ते विहिरीत कधी उतरले नाहीत. इंजिन मात्र कित्येक ठिकाणी विहिरीतील टप्प्यावर उतरविले जाते आणि ते चालू करण्यास माणूसही खाली जातो. पंपाच्या जोडणीतील सर्वांत घातक चूक ती हीच होय.

मीरा-भाईंदरसारख्या प्रदेशात या चुकीचे दुसरे रूप दिसू शकते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये मिठागरांची व खाजणांची सखल जमीन, अशी येथील रचना आहे. २००२ साली येथे महानगरपालिका झाली; तरी उत्तनच्या बाजूस गावपण अद्याप टिकून आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाण्यास वाट मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्याच्या सखल भागांची झालेली दैना सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी तळघरातील पाणी उपसण्यासाठी घाईने पंप आणला जातो आणि इंजिनासह तळघरातच ठेवला जातो. हवेच्या दृष्टीने पाहता तळघर आणि विहीर यांत फारसा भेद नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक बळाने चिकटतो. प्रथम डोके जड होते, पाय लटपटतात आणि धोका ध्यानात येण्यापूर्वीच शुद्ध हरपते. वरचा माणूस त्यास काढण्यासाठी धावतो आणि तोही खाली पडतो. एका चुकीपायी एकाच घरातील दोन जीव जातात, ते असे. यास्तव कोणी बेशुद्ध पडल्यास मागोमाग उतरू नये. वरून शक्य असल्यास इंजिन बंद करावे आणि अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर तत्काळ कळवावे.

इंजिन खाली नेण्याचा मोह का होतो, तेही पाहिले पाहिजे. पंप पाणी ओढतो असे म्हणतात. वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब पाण्यास १०.३ मीटरपर्यंतच पेलू शकतो आणि व्यवहारात ६ ते ७ मीटरच हाती लागतात. उन्हाळ्यात पातळी याखाली गेली की पंप पाणी सोडतो आणि शेतकरी इंजिन खाली उतरवितो. पाणी इतके खोल असेल, तर विजेच्या पाणबुडी पंपाचा विचार करावा. समुद्रकाठी तर उतरते पाणी हा थांबण्याचाच इशारा समजावा. तेथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते; गोड्याची पातळी थोडी उतरली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर चढू पाहते.

जागा ठरली की जोडणीकडे वळावे. इंजिन उघड्या हवेत, पुराच्या पातळीहून उंच आणि विहिरीच्या काठापासून दूर असावे. धुराचे तोंड विहिरीकडे वा घराकडे नसावे. खाजणाची जमीन मऊ असल्याने काँक्रीटचा भक्कम पाया हवा. तो पुरता मुरल्याखेरीज यंत्र त्यावर चढवू नये. इंजिन व पंप यांचे दांडे एका रेषेत आहेत की नाहीत, हे नळ जोडण्यापूर्वी एकदा व जोडल्यानंतर पुन्हा एकदा तपासावे. नळांचा भार पंपावर पडू देऊ नये. सक्शनचा नळ पंपाकडे सतत चढता असावा, म्हणजे त्यात हवा अडकणार नाही. फूट व्हॉल्व्ह व जाळी स्वच्छ आहे, दांडा हाताने मोकळा फिरतो आणि पंप पाण्याने पूर्ण भरला आहे, याची खात्री केल्यावाचून इंजिन सुरू करू नये. पट्ट्यावर जाळीचे आवरण हवेच. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर ओढला जाण्यास क्षणही लागत नाही. खाऱ्या हवेने बोल्ट लवकर गंजतात, म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी ते पाहावेत.

एवढी पाहणी खर्चाची व वेळखाऊ वाटते, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. लहान बागायतदारास पायाचा खर्चही जड जातो. तथापि यंत्राच्या किंमतीत जोडणीचा खर्च प्रारंभापासूनच धरला गेला, तर तो वेगळा खुपणार नाही. विक्रेत्याने पंप पोहोचवून हात झटकू नयेत. जागा व जोडणी पाहिल्यानंतरच आपले काम संपले असे मानावे. यंत्राच्या खरेदीस जेथे सरकारी साहाय्य मिळते, तेथेही पावतीइतकेच जोडणीच्या पाहणीस महत्त्व दिले जावे. बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, बुडालेला हंगाम पुढील वर्षी भरून निघतो. विहिरीत गेलेला माणूस परत येत नाही. पाणी वर आणण्यासाठी इंजिन आहे. त्यासाठी माणसास खाली जावे लागत असेल, तर ती जोडणी अपुरीच समजली पाहिजे.