रिपोर्टवर नव्हे, माणसावर उपचार करा

मज्जारज्जूला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअरवर आहे. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढतो. माझी लघवी कल्चरला, म्हणजे जिवाणूंच्या तपासणीला पाठवली, तर त्यात बहुतेक वेळा जिवाणू सापडतातच. नळी वापरणाऱ्या अनेकांचं असंच असतं. पण जिवाणू सापडणं म्हणजे संसर्ग होणं नव्हे.

तरीही रिपोर्टवर ‘ई. कोलाय’सारखा जिवाणू दिसला की ताप नसतानाही अँटिबायोटिकची चिठ्ठी हातात पडते. जिवाणू काही दिवस हटतात, पुन्हा येतात आणि अनेकदा औषधांना दाद न देणारे होऊन येतात. मग खऱ्या संसर्गात गोळ्या निरुपयोगी ठरतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, की लक्षणं नसतील तर आमच्यासारख्यांना तपासणीही नको, उपचारही नकोत. गर्भारपण आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशन्स यांची गोष्ट वेगळी.

आमची लक्षणंही वेगळी असतात. लघवीची जळजळ अनेकांना जाणवतच नाही. ताप, पायांत वाढलेले झटके, अचानक घाम, डोकेदुखी, चढलेला रक्तदाब हे आमचे इशारे. डॉक्टरांनी आधी हे विचारावं, मग कल्चर करावं.

मुळात संसर्ग टाळणंही महत्त्वाचं. १९७२ मध्ये मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. जॅक लापिडीस यांनी दाखवून दिलं, की नळी स्वच्छ आणि वेळेवर घातली तर मूत्राशय सांभाळता येतं. त्यासाठी साबण, पाणी, पुरेशा नळ्या आणि व्हीलचेअर आत जाईल असं शौचालय लागतं. एसटी स्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत सरकारनं ते द्यावं. ते नसलं की आम्ही पाणी कमी पितो, नळी घालणं लांबवतो आणि संसर्गाला वाट करून देतो.