‘स्थिर’ भूमीचा अर्थ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापूरच्या आमच्या घरी फळीवरील पितळी डबे एकाएकी खणखणू लागले. आजीने अंथरुणातूनच मांजराला हाकलले. वडील मात्र उठून बसले आणि म्हणाले, “कोयनेला पुन्हा काही झाले असावे.” सकाळी बातमी कळली ती कोयनेची नव्हती. आमच्यापासून पूर्वेस, शंभर किलोमीटरच्या आतच, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीनदोस्त झाली होती. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली होती. सुमारे आठ हजार जीव गेले.

भूकंपाची महत्ता ६.२ होती. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा जपानात हा आकडा मध्यम गणला जातो. मग इतका संहार का व्हावा? या प्रश्नाचे अर्धे उत्तर भूगर्भात आहे, अर्धे आपल्या भिंतींत. आणि थोडे, असे मला वाटते, आपल्या भाषेत आहे.

दक्षिणेच्या पठारास भूशास्त्रज्ञ ‘स्थिर खंडाचा’ भाग म्हणतात. मीही एका पुस्तिकेच्या भाषांतरात हाच शब्द निःशंकपणे योजला होता. शास्त्रज्ञाच्या मनात त्याचा अर्थ एवढाच असतो की, येथील कवच फार प्राचीन आहे आणि दीर्घकाळात त्याची मोठी उलथापालथ झालेली नाही. मराठी वाचक मात्र ‘स्थिर’ म्हणजे ‘न हलणारे’ असे समजतो. आणि त्यात त्याची काय चूक? वस्तुतः भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशिया खंडाला भिडतो आहे. त्या रेट्याचा ताण केवळ हिमालयातच साठतो असे नाही, तर पट्टाच्या अंतर्भागातील जुन्या, दुबळ्या भेगांवरही तो हळूहळू चढत जातो. अशी एखादी भेग सरकण्यास हजारो वर्षे लागू शकतात. आपल्या बखरी, शिलालेख, सरकारी दप्तरे इतक्या मागे पोचत नाहीत. किल्लारीस तर ती भेग ३०० मीटरांहून अधिक जाडीच्या काळ्या कातळाखाली झाकलेली होती. तेव्हा नोंद नाही यावरून घटनाच नाही, असे अनुमान काढले गेले. त्या काळच्या भूकंपीय नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात रंगविलेला होता. २००२ च्या सुधारित मानकात तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

खरे पाहता, याआधीही असा धडा मिळाला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले, तेव्हाही पठार अचल असल्याच्या समजुतीला तडा गेलाच होता. परंतु त्याचे कारण धरणाच्या जलाशयात सापडले आणि कोयना हा अपवाद ठरून बाकीचे पठार पुन्हा ‘स्थिर’ झाले. १९९२ मध्ये किल्लारीस लहान धक्के जाणवले, गावकरी भयभीत झाले. त्यावरून कोणी मोठ्या भूकंपाचे भाकीत करावयास हवे होते, असे मी म्हणणार नाही. बहुतेक लहान धक्क्यांमागून मोठा धक्का येत नाही, आणि भूकंपाचा दिवस सांगणारे शास्त्र आजही अस्तित्वात नाही.

घराविषयी मात्र पुष्कळ सांगता आले असते. मराठवाड्यातील माळवदाचे घर उन्हाळ्यासाठी फार शहाणपणाने बांधलेले असते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि लाकडी छतावर मातीचा जाड थर असल्यामुळे वैशाखातही आत गारवा राहतो. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर वेळोवेळी नवी माती पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत जाते. भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी तिचे आतले व बाहेरचे अंग वेगळे असते. मध्ये चिपा आणि माती भरलेली असते. दोन्ही अंगांना बांधून धरणारे आरपार लांब दगड क्वचितच असतात. धक्का बसताच ती दोन अंगे फाकली आणि दगड-मातीचा ढीग निजलेल्या माणसांवर कोसळला. पुष्कळ घरांत लाकडी खांबांवर छत तसेच उभे राहिले व भिंती तेवढ्या ढासळल्या. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्या तगल्या. ज्याला पक्के घर बांधण्याची ऐपत नव्हती तो वाचला, ही गोष्ट आजही मन विषण्ण करते.

ठरावीक अंतरावर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवळणारा सलोह काँक्रीटचा पट्टा आणि छतावरची माती कमी करणे, एवढ्या उपायांनी असे घर निदान माणसे बाहेर पडेपर्यंत तग धरू शकते. गवंड्याला हे शिकविण्यास मोठी विद्या लागत नाही. परंतु जेथे भूमी ‘स्थिर’ आहे तेथे हा खर्च करा, असे घरधन्याला कोण सांगणार, आणि सांगितले तरी तो का ऐकेल? नागपूर, हैदराबाद, इंदूर येथील वाचकांनी हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा समजू नये. २२ मे १९९७ रोजी जबलपूरही असेच अवचित हादरले होते.

म्हणून माझी सूचना शब्दाविषयीच आहे. अशा प्रदेशाला ‘स्थिर’ न म्हणता ‘दीर्घविरामी’ म्हणावे. दोन भूकंपांमधील विराम दीर्घ आहे, पण तो विरामच आहे, हे त्यातून कळते. शब्द थोडा बोजड आहे, हे मला मान्य आहे. त्या पुस्तिकेच्या संपादकांना मी तसे कळविले आहे. रूढ परिभाषा सहसा बदलू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.