एक राजा, दोन भाषा

गेल्या सुट्टीत ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा बोलपट पाहिला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ मध्येच हसू लागला. हरिश्चंद्रावर बायको-मुलाला विकण्याची पाळी आली आहे, आणि हे राजे नाटकातल्यासारखे एका जागी उभे राहून खणखणीत आवाजात बोलताहेत! क्षणभर मलाही हसू आले. मग लक्षात आले, की पडद्यावरची ही माणसे कालपरवापर्यंत मुकी होती.

‘प्रभात’ कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि प्रथम मूकपटच काढीत होती. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. डोळ्यांतले पाणी सर्वांनाच कळे. मधल्या पाट्या दोन-तीन लिप्यांत लिहिल्या की काम भागे. हीच हरिश्चंद्राची कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आवाजाविना सांगितली होती. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला, आणि प्रत्येक निर्मात्यापुढे प्रश्न उभा राहिला: बोलायचे खरे, पण कोणत्या भाषेत?

व्ही. शांतारामांनी दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. त्यांनी एकच कथा मराठीत आणि हिंदीत अशी दोनदा चित्रित केली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी हरिश्चंद्र-तारामतीचे दुःख दोन्ही भाषांत भोगले. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. गाणीही ज्याची त्यानेच, कॅमेऱ्यासमोर म्हणायची. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला यातला बाजाराचा हिशेब दिसतो. श्रम वाढले, खर्च वाढला, पण गिऱ्हाईकही वाढले. मात्र हिशेब होता म्हणून त्या कष्टांचे मोल कमी होत नाही. दुसऱ्याच्या भाषेत बोलायचे तर कष्ट पडतातच.

याच कोल्हापूरशी कन्नड चित्रपटाचाही संबंध आहे. १९३४ सालचा पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ तिथल्या छत्रपती स्टुडिओत चित्रित झाला. माझ्या कन्नड मैत्रिणीला हे ठाऊक नव्हते. मलाही परवापर्यंत नव्हते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आपला हा अंक. यात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. अंक हाती पडला की आपण आपापला विभाग वाचतो आणि उरलेली पाने न उलटताच तो बाजूला ठेवतो. मीही त्यातलीच. बाजारात, बसमध्ये रोज कन्नड बोलते. शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड विषय होता, अक्षरे चांगली येतात. तरीही तीन वर्षांत कन्नड विभागातली एक कथा मी शेवटपर्यंत वाचलेली नाही. याला अडचण म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढील अंकापासून प्रत्येक विभागातला निदान एक लेख विद्यार्थ्यांनीच दुसऱ्या भाषेत आणावा. चुका होतील, वाक्ये अवघडतील, कुणी हसेलही. नव्याने बोलू लागलेला तो राजाही अवघडूनच बोलत होता. पण दोन्ही भाषांत बोलला.

पहिला अनुवाद करायला मी तयार आहे. माझ्या चुका काढायला कन्नड विभागाने कुणीतरी द्यावे.