विश्लेषण : रस्ता रुंद झाला, दारातला चढ मात्र अंगावर आला! दुरुस्तीचा खर्च घरमालकानेच का करायचा?

सिंदेवाहीत मामाच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला, तेव्हा गल्लीत सर्वाधिक खूश मामाच होता. पहिल्याच पावसात धानाचे पोते लादलेली मोटरसायकल पोर्चमध्ये चढवताना तो घसरला आणि मनगटाला प्लास्टर बसले. वॉकर घेऊन फाटकापर्यंत येणारी आजी घरातच थांबली. घर तेच, पोर्च तोच. बदलला होता तो फक्त फाटकासमोरचा चढ.

चढ अचानक तीव्र का होतो?

हिशेब शाळेतला आहे. पोर्च रस्त्यापेक्षा ६० सेंटीमीटर उंच आणि मधले अंतर ६ मीटर असेल, तर चढ १:१० होतो. म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रुंदीकरणात ३ मीटर गेले की तेवढीच उंची उरलेल्या ३ मीटरमध्ये चढावी लागते आणि चढ थेट १:५ वर जातो. पार्किंगच्या रॅम्पसाठी साधारण १:८ ही मर्यादा धरली जाते. व्हीलचेअरसाठी तर १:१२ हवा, म्हणजे या ६० सेंटीमीटरला ७.२ मीटर लांबी लागेल. ती आता आणायची कुठून?

त्यात नव्या काँक्रीट नालीचा माथा अनेक ठिकाणी रस्त्याच्या वर राहतो. तिथे चाक आपटते आणि गाडीचे पोट घासते.

काही घरांचे दुखणे याच्या उलटे असते. जुन्या डांबरावरच नवे थर चढवले की रस्ता उंच होतो, कमी जोत्याची कौलारू घरे खाली जातात आणि पावसाचे पाणी ओसरीकडे धावते. चेन्नईत ही तक्रार इतकी वाढली की तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी २०२१ मध्ये, जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नका, असे निर्देश दिले. आपल्याकडच्या गावांत रस्ता उंच झाला की घरमालक उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो आणि विषय तिथेच संपतो.

घरमालकाने काय करावे?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे नालीत मुरूम भरून रॅम्प रस्त्यावर ओढणे. नाली तुंबते, पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते आणि तो भाग अतिक्रमण म्हणून कधीही तोडला जाऊ शकतो. रॅम्प बाहेर नव्हे, आत वाढवायचा.

आधी गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने उंचीतला फरक मोजून घ्या. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. वरच्या उदाहरणात १:८ ने ३ मीटरमध्ये ३७.५ सेंटीमीटरच चढता येते. उरलेले २२.५ सेंटीमीटर पोर्चच्या आत १.८ मीटर फोडून चढवावे लागतील. पण सरळ चढ एकदम सपाट फरशीला भिडला की तिथे कोपरा तयार होतो आणि गाडी पुन्हा घासते. म्हणून वर आणि खाली प्रत्येकी १ मीटर निम्मा चढ ठेवायचा. मग एकूण लांबी ५.८ मीटर होते, म्हणजे पोर्च २.८ मीटर फोडावा लागतो. पोर्चची फरशी बहुतेक वेळा भरावावर असते, त्यामुळे हे जमते. मात्र खांब आणि प्लिंथ बीम कुठे आहेत, हे सब्बल हाती घेण्याआधी इंजिनीअरला दाखवा. पोर्च लहान असेल तर फाटक एका टोकाला सरकवून कंपाउंडच्या कडेने तिरपा रॅम्प काढता येतो.

पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नका. ओल्या काँक्रीटवर आडव्या खाचा ओढा, नाहीतर श्रावणात शेवाळावर मामासारखीच गत होईल. उतार घराकडे असेल तर फाटकाशी आडवी जाळीची नाली हवीच.

नुकसानभरपाई मिळते का?

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. मूळ रॅम्पच रस्त्याच्या हद्दीत असेल, तर हात जवळपास रिकामे राहतात. पण तुमची जमीन संपादित झाली असेल, तर उरलेल्या मालमत्तेला बसलेला फटकाही भरपाईत धरावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ मध्ये आणि राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ जी मध्ये ही तरतूद आहे. लोक चौरस मीटरच्या दरावरून भांडतात, पोर्च फोडण्याचा खर्च मात्र दाव्यात लिहीतच नाहीत. निवाडा होण्याआधी तो अंदाजपत्रकासह लेखी द्या.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रस्त्याची पातळी खडी पडण्याच्या कितीतरी आधी कागदावर ठरलेली असते. माहिती अधिकारात लांबछेद आणि आडछेदाचे नकाशे मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तुमच्या फाटकासमोर तयार रस्त्याची पातळी किती असेल, हे त्यात आकड्यात दिलेले असते. काम सुरू होण्याआधीची आक्षेपाची एक ओळ नंतरच्या दहा अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

माझे मत विचाराल, तर हा भार घरमालकावर टाकणेच चूक आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात विजेचे खांब आणि जलवाहिन्या हलवण्याचा खर्च धरला जातो. मग घराचा प्रवेश पूर्ववत करण्याचा का नाही? दिव्यांग हक्क कायदा २०१६ सुगम रस्त्यांची भाषा करतो. रस्ता कितीही सुगम असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचताच येत नसेल तर तो आजीच्या काय कामाचा?

मामाने दिवाळीआधी पोर्च फोडला आणि आजीसाठी एका बाजूला कठड्याच्या बुटक्या पायऱ्या केल्या. मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या न घासता आत आल्या. खर्च त्याच्याच खिशातून गेला. त्याने दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच अजून कपाटात आहे. उत्तर आलेले नाही.