अल्काझींचा तुघलक आणि माझा अफजलखान

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. भाच्याला शाळेच्या नाटकात काम करायचंय. "यांचा नकार आहे, भाई. मोहल्ल्यात लोक काय म्हणतील म्हणतात. तू काय म्हणतोस?"

मला माझीच शाळा आठवली. स्नेहसंमेलनात मी लागोपाठ तीन वर्षं अफजलखान केला. एकदा धीर करून म्हणालो, "सर, यंदा मला तानाजी द्या ना." सर हसून म्हणाले, "अरे, तुला खानच शोभतो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी परत तानाजी मागितला नाही. घरी अब्बांना हे सगळे 'तमाशे' वाटायचे. शाळेला माझ्यात खान दिसायचा आणि मोहल्ल्याला बिघडत चाललेलं पोरगं. नाटक करू पाहणारा मुलगा कुणालाच दिसला नाही. चौथ्या वर्षी मी नाव दिलं नाही.

बहिणीला काय सांगावं याचा विचार करताना इब्राहिम अल्काझींची आठवण झाली. हा माणूस आपल्या पुण्याचा. जन्म १८ ऑक्टोबर १९२५ चा. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी बोलली जायची आणि मुलगा कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकायचा. पुढे मुंबईत सुलतान पदमसींच्या 'थिएटर ग्रुप'मध्ये त्यांना नाटकाचं वेड लागलं. फाळणीनंतर कुटुंबातली बाकीची माणसं देश सोडून गेली. अल्काझी इथलेच राहिले. लंडनच्या 'राडा' या नामवंत नाट्यशाळेत ते शिकले. तिथं कामाची संधी होती, तरी मुंबईला परतले. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य हे सगळं ते करत, आणि नाटक करता करता शिकवतही. मराठी रंगभूमीला वळण लावणाऱ्या विजया मेहता त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

१९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, रोहिणी हट्टंगडी ही माणसं त्या काळात तिथं घडली. तालमीला उशीर त्यांना खपत नसे. विद्यार्थ्यांना कामाची लाज वाटू नये म्हणून त्यांनी स्वतः संडास साफ केल्याची आठवण त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्यावर टीकाही झाली. फार पाश्चात्त्य वळणाचे आहेत, मातीतल्या लोककलांकडे त्यांचं लक्ष कमी, असं म्हटलं गेलं. त्यात काही तथ्यही असेल. पण इंग्रजी बोलताना अडखळणारा ओम पुरी त्याच विद्यालयातून ताठ मानेनं बाहेर पडला, हेही तितकंच खरं.

१९६३ साली अल्काझींनी धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' केलं. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसापासून सुरू होणारं हे नाटक त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींसमोर उभं केलं. एका सुलतानाच्या किल्ल्यात गांधारीचा आक्रोश घुमला, आणि तो घुमवणारा होता पुण्यात वाढलेला अरबाचा मुलगा. पुढे त्यांनी गिरीश कार्नाडांचा 'तुघलक' दिल्लीच्या पुराना किल्ल्यात केला. तिथं सुलतान झाले हिमाचलचे मनोहर सिंग. त्यांचा तुघलक अजूनही लोकांच्या तोंडी आहे. मला यातली गंमत अशी वाटते की, ज्या तर्कानं मला दरवर्षी खान मिळत होता, त्या तर्कानं मनोहर सिंगांना तुघलक मिळायलाच नको होता. अल्काझींनी पाहिलं ते एवढंच, की ही भूमिका कोण पेलेल.

४ ऑगस्ट २०२० रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं होतं. आपल्याकडे अशा माणसाचं काय होतं? कर्तबगार मुसलमानांच्या यादीत आपण त्याचं नाव घालतो, अभिमानानं फिरवतो आणि आपल्या पोराला मात्र म्हणतो, हे आपलं काम नव्हे. माझं म्हणणं साधं आहे. आपल्या समाजानं चालवलेल्या किती शाळांत नाटकाचा तास असतो? चार माणसांत उभं राहून स्पष्ट मराठी बोलायची सवय आपण मुलांना कुठं लावतो? 'तुमची मराठी वेगळी वाटते' असं कुणी म्हटलं की आपली मुलं गप्प होतात. रंगमंच ही भीती घालवतो. दुसऱ्याच्या कातडीत शिरून त्याचं दुःख बोलायला शिकवतो. यात बिघडण्यासारखं काय आहे?

आणि माझ्या हिंदू शिक्षक मित्रांनाही विनंती आहे. भूमिका वाटताना हजेरीपटावरचं नाव पाहू नका. मुलाकडून एकदा वाचून घ्या आणि मग ठरवा.

बहिणीला सांगितलंय, जाऊ दे त्याला. दाजींशी मी बोलतो. खान मिळाला तर खान मन लावून कर, पण तानाजीचे संवादही पाठ करून ठेव, असा निरोप भाच्याला दिलाय. स्नेहसंमेलनाला मी जाणार आहे. अब्बा असते, तर त्यांनाही हात धरून नेलं असतं.