गरज नेमकी कोणाची?

‘गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती’ हे शब्द आपण नोटीस बोर्डवर इतक्या वेळा वाचतो की त्यातल्या ‘गरज’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. घरी पैसे कमी, उत्पन्नाचा दाखला जोडा, विषय संपला. पण अरबी शिकायला अरब देशांत जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिप्सची माहिती वाचताना मला एकाच फॉर्मवर दोन गरजा दिसल्या. एक विद्यार्थ्याची आणि दुसरी सरकारची. या दोघींची गल्लत होते आणि त्यात नुकसान होतं ते गरीब विद्यार्थ्याचं, असं माझं मत आहे.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका कादंबरीमुळे. ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या ‘सेलेस्टियल बॉडीज’ला 2019 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. अरबीतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. गोव्यातल्या आमच्यासारख्या कॅथलिक घरांत मस्कत, कुवेत, दोहा ही नावं म्हापसा-मडगावइतकीच ओळखीची असतात. कोणाचे पप्पा तिथे, कोणाचे अंकल तिथे. तरीसुद्धा ओमानच्या एका गावातली माणसं मला भेटली ती इंग्रजीतून, अनुवादक मॅरिलिन बूथ यांच्यामुळे. असा अनुवादक घडायला कित्येक वर्षं लागतात. त्या वर्षांचा खर्च कोण करतं? आणि ज्याच्या घरी तो झेपत नाही त्याने अरबीचा नादच सोडायचा का?

अमेरिकेत याचं सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे गिलमन स्कॉलरशिप. 2000 सालच्या कायद्याने तिची तरतूद झाली आणि 2001 पासून ती सुरू आहे. अट साधी आहे. विद्यार्थी पदवीचा हवा आणि त्याला पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी आणि परत न करायची केंद्र सरकारची मदत, मिळत असली पाहिजे. परदेशी शिकायला 5,000 डॉलरपर्यंत मिळतात. किमान तीन आठवडे बाहेर राहावं लागतं. ही खरी गरजेवर आधारलेली योजना, आणि तिचं कौतुक करायलाच हवं. नाहीतर ‘स्टडी अब्रॉड’ म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांची सहल हेच समीकरण तिथेही राहिलं असतं.

आता दुसरी गरज बघा. गिलमनमध्येच काही भाषांसाठी वाढीव रक्कम आहे. त्या शिकणाऱ्याला एकूण 8,000 डॉलरपर्यंत मिळू शकतात. या भाषांना तिथे ‘क्रिटिकल नीड लँग्वेजेस’ म्हणतात. यादीत अरबी आहे, चिनी, रशियन आहे, आपली हिंदी आणि उर्दूही आहे. ही ‘नीड’ अर्थातच विद्यार्थ्याच्या घरची नव्हे. बोरेन स्कॉलरशिपमध्ये तर हे उघडच आहे. आखाती युद्ध झालं त्याच वर्षी, 1991 ला, तिचा कायदा झाला. पदवीच्या विद्यार्थ्याला 25,000 डॉलरपर्यंत मिळतात आणि बदल्यात राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित सरकारी कामात किमान एक वर्ष नोकरी करावी लागते. 11 सप्टेंबर 2001 नंतर तर अरबीची मागणी एकदम वाढली. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीप्रमाणे अमेरिकन कॉलेजांत अरबीला 2002 मध्ये साधारण साडेदहा हजार विद्यार्थी होते, 2009 मध्ये पस्तीस हजारांच्या आसपास. 2021 पर्यंत तो आकडा तेवीस हजारांवर आला. भाषा तीच, बोलणारे कोट्यवधी लोक तेच. बाहेरच्यांना तिची गरज मात्र कमी-जास्त होत राहिली.

विद्यार्थ्याची गरज अशी कमी-जास्त होत नाही. तिचा हिशेब करून बघूया.

पहिला खर्च वेळेचा. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेत स्पॅनिशसारख्या भाषेला सहाशे-सातशे तास धरतात, अरबीला 2,200 तास. शिवाय वर्गात शिकायची ती ‘फुसहा’, म्हणजे लिखाणाची आणि बातम्यांची प्रमाण भाषा. बाजारात, बसमध्ये, मित्राच्या घरी चालते ती ‘आम्मिया’, बोली. कैरोची वेगळी, अम्मानची वेगळी, मोरोक्कोची तर इतकी वेगळी की कैरोत शिकलेला तिथे गडबडून जातो. घरात एक आणि पुस्तकात दुसरी भाषा म्हणजे काय हे गोव्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. बोली तिथे राहूनच येते. तीन आठवड्यांत दुकानात भाव विचारता येईल, कादंबरी वाचता येणार नाही. आणि गिलमन एकदा मिळाली की पुन्हा मिळत नाही.

दुसरा खर्च शहराचा. एकेकाळी दमास्कस आणि सना ही अरबी शिकायची स्वस्त आणि आवडती ठिकाणं होती. युद्धांनी ते दोन्ही रस्ते बंद केले. 2013 च्या उलथापालथीत कैरोतले अभ्यासक्रमही हलले. 1967 पासून चालत आलेला ‘कासा’ हा अरबीचा नावाजलेला प्रगत कार्यक्रमही तेव्हा अम्मानला गेला. अम्मान सुरक्षित, पण महाग. जॉर्डनचा दिनार डॉलरपेक्षा भारी आहे. एका डॉलरला 0.709 दिनार हा दर बांधलेला आहे. म्हणजे 5,000 डॉलर हातात आले की ते 3,545 दिनार होतात. त्यातून तिकीट, फी, खोलीचं भाडं, जेवण भागवायचं.

तिसरा खर्च कुठल्याच रकान्यात मावत नाही. गरीब घरातला मुलगा सुट्टीत आणि संध्याकाळी काम करत असतो. तो सहा महिने बाहेर गेला की ती कमाई बुडते. घरी त्या पैशांवर कोणी अवलंबून असेल तर तोही प्रश्न. आणि पासपोर्ट, व्हिसा, जागा पक्की करायची आगाऊ रक्कम हे सगळं निघण्याआधीच भरावं लागतं. श्रीमंत मुलाला हे खर्च जाणवतही नाहीत. गरीब मुलगा इथेच मागे फिरतो, आणि त्याने अर्जच केला नाही म्हणून त्याची कुठे नोंदही होत नाही.

यावर कोणी म्हणेल, सरकार पैसे देतं तर सरकारने स्वतःचा फायदा का बघू नये? मुद्दा रास्त आहे. आपलंच उदाहरण घ्या. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला पोचले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेची गरज धर्मप्रसाराची होती, हे मी कॅथलिक असूनही मोकळेपणाने मान्य करते. तरी त्यातून मराठीला एक मोठा ग्रंथ मिळाला. मग देणाऱ्याचा हेतू असला म्हणून काय बिघडलं? पण स्टीफन्सना काय मिळालं तेही बघा. 1619 मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. म्हणजे या मातीत त्यांना चाळीस वर्षं मिळाली. तीन आठवड्यांत ‘ख्रिस्तपुराण’ झालं नसतं.

शिवाय सरकारची गरज बदलली की पैसाही हलतो. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अशा कार्यक्रमांचे पैसे काही काळ अडवले, त्यात गिलमनही सापडली. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात तो असा महिना काढतो. ज्याच्यासाठी योजना आहे त्यालाच ते जमत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: अरबीसाठी रक्कम जास्त असावी, आणि कारण सरळ लिहावं की ही भाषा शिकायला वेळ जास्त लागतो. शहराचा खर्च बघून रक्कम ठरावी. बुडणारी कमाई हिशेबात धरावी. तिकीट काढायच्या आधी पैसे हातात यावेत, आणि मन लावून शिकणाऱ्याला दुसऱ्या वर्षीही मदत मिळावी. पुढे तो दूतावासात जाईल, शाळेत शिकवेल की कादंबऱ्या अनुवाद करेल हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.

अमेरिकेचं अमेरिका बघेल, आपल्याला काय, असं वाटेल. पण आपल्याकडे तर एवढंही नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत लागतं, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बीए करताना सहा महिने मस्कतला राहून अरबी शिकायची असेल तर तिथे जागा नाही. पिढ्यानपिढ्या आपली माणसं गल्फला राबली. त्यांच्यातल्या किती जणांना तिथली भाषा नीट वाचायची संधी मिळाली?

गंमत म्हणजे गरज, अर्ज, दाखला, रक्कम, हिशेब, मंजूर हे सगळे शब्द मूळ अरबी. फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठीच होऊन गेले. मंडळाच्या पुढच्या बैठकीत या विषयावर बोलूया. भाषा शिकायला बाहेर जाऊ इच्छिणाऱ्या गरजू विद्यार्थ्यासाठी निदान आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडे एक अर्ज तरी करता येईल. गल्फमध्ये त्यांच्यातले बरेच आहेत.