स्थितिक विद्युत भाद्रपदात कशाला?

जून उजाडला की शाळाशाळांतून वार्षिक नियोजनाचे तक्ते भरले जातात. विज्ञानाचा तक्ता भरण्याची रूढ रीत सोपी आहे. पुस्तकातले धडे मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या, निम्मे धडे दिवाळीच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे टाकायचे. तासाभरात तक्ता होतो, त्यावर मुख्याध्यापकांची सही होते, आणि मग वर्षभर टाचण त्याच क्रमाने पुढे सरकते. या तक्त्यात अनुक्रमणिका असते, तारखा असतात. ऋतू मात्र कुठेच नसतो. सहावी ते आठवीच्या विज्ञानाचा मोठा भाग भोवतालच्या निसर्गाबद्दल असताना हे चमत्कारिक आहे. ज्या गोष्टी ठरावीक काळातच दिसतात आणि ज्या दिसायला महिने लागतात, त्यांची जागा वर्षाच्या तक्त्यात सर्वांत आधी ठरवावी. उरलेले धडे त्यांच्या अधेमधे बसवावेत, असे आमचे म्हणणे आहे. पुस्तकातला क्रम छपाईच्या सोयीचा असतो. तो शिकवण्याचाही क्रम असलाच पाहिजे, असे कोणत्याही अभ्यासक्रमाने सांगितलेले नाही.

बालभारतीच्या 2017 साली आलेल्या सातवीच्या सामान्य विज्ञानाचे उदाहरण घेऊ. त्यात एकूण 20 पाठ आहेत. आठवा ‘स्थितिक विद्युत’ आणि अकरावा ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’. धडे ओळीने घेतले तर आठवा येतो सप्टेंबरात, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास, आणि अकरावा दिवाळीच्या सुटीनंतर. आता वर्गात काय घडते ते पाहा. केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे ओढले जावेत, फुग्याने भिंतीला चिकटून राहावे, एवढीच अपेक्षा असते. पण हवेत दमटपणा असला की कंगव्याच्या पृष्ठभागावर बाष्पाचा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार निसटून जातो. केस दमट, कागद दमट, प्रयोग फसतो. शिक्षक मग ‘असे व्हायला हवे होते’ एवढे सांगून निष्कर्ष फळ्यावर लिहून देतात. तिकडे सूक्ष्मजीवांची गत उलटी. पावसाळ्यात ओलसर पावावर तीन-चार दिवसांत बुरशी धरते, डबक्यातल्या पाण्याच्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल दिसते, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर शेवाळे चढलेले असते. डिसेंबरात डबकी आटत आलेली असतात आणि पावही वाळून कडक होतो. या दोन पाठांची नुसती अदलाबदल केली, तर दोन्ही प्रयोग साधतात. त्यासाठी जादा साहित्य लागत नाही, जादा तासिकाही लागत नाही. बुरशीचा पाव पारदर्शक पिशवीत बंद ठेवून पिशवी न उघडता पाहायचा, एवढे पथ्य पाळले की झाले.

ही अदलाबदल वरवर किरकोळ वाटेल, पण फसलेल्या प्रयोगाची किंमत एका तासिकेपुरती नसते. डोळ्यांसमोर एक घडते आणि वहीत दुसरेच लिहावे लागते, हा अनुभव वर्षात चार-पाच वेळा आला की विज्ञान म्हणजे पुस्तकात असते ते, अशी मुलांची समजूत पक्की होते. उघड्या डोळ्यांनी पाहण्याची सवय ज्या वयात लागायची, त्याच वयात डोळ्यांवर भरवसा ठेवू नये असे त्यांना आपण नकळत शिकवतो.

ऋतूला बांधलेल्या पाठांइकतीच महत्त्वाची आहेत ती दीर्घ मुदतीची निरीक्षणे. सातवीचा शेवटचा पाठ ‘तारकांच्या दुनियेत’. तो मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, बहुधा वाचून संपवला जातो. वास्तविक कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. हे एका रात्रीत दिसत नाही, तीन महिन्यांत सहज दिसते. मृग नक्षत्र डिसेंबरच्या मध्याला रात्री आठ वाजता पूर्वेकडे असते, फेब्रुवारीच्या मध्याला त्याच वेळी जवळपास डोक्यावर, तर मार्चच्या मध्याला पश्चिमेकडे कललेले. पेरणीच्या दिवसांत ‘मृग लागला’ हे मुलांनी घरी ऐकलेले असते. पण जूनमध्ये सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो, म्हणून ते नक्षत्र तेव्हा दिसत नाही आणि थंडीत रात्रभर दिसते, ही जोडणी त्यांच्या मनात व्हायची तर निरीक्षण डिसेंबरात सुरू व्हावे लागते. सावलीचेही तसेच. पुण्याच्या अक्षांशावर जमिनीत सरळ रोवलेल्या एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली 22 डिसेंबरला सुमारे 90 सेंटिमीटर भरते आणि 21 मार्चला जेमतेम 33. मध्यान्ह तिथे घड्याळात साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान होते, हेही मुलांना काठीवरूनच कळेल. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे दिली की पुरते, पण ती सलग तीन-चार महिने द्यावी लागतात. पावसाची नोंद मात्र शाळा उघडल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवी. सरळ कडांची बाटली, पट्टी आणि रोजची एक ठरलेली वेळ एवढेच त्याला लागते. भारतीय हवामानशास्त्र विभाग 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला दिवस पावसाचा दिवस धरतो. मुलांनीही तोच निकष लावावा. ‘भौतिक राशींचे मापन’ हा पाठ येईल तेव्हा त्यांच्या हाताशी स्वतः घेतलेली दोन महिन्यांची मापे असतील आणि दोघांनी मोजलेल्या एकाच पावसाचे आकडे वेगळे का आले, यावर बोलता येईल. मापनातली त्रुटी म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा या चर्चेतून अधिक कळते.

यावर पहिला आक्षेप येईल तो संकल्पनांच्या क्रमाचा. एक पाठ दुसऱ्यावर उभा असतो, मग धडे हलवायचे कसे? आक्षेप रास्त आहे, पण तो सगळ्या पाठांना लागू होत नाही. मापन हे ‘गती, बल व कार्य’च्या आधीच यायला हवे, मूलद्रव्ये-संयुगांच्या आधी पदार्थांतले बदल आले तर बरे. असे दुवे जपलेच पाहिजेत. मात्र स्थितिक विद्युत समजायला त्याआधीचे सात पाठ लागत नाहीत आणि चुंबक, ध्वनी यांना ऋतूचे बंधन नाही. ते पावसाने कोंडलेल्या दिवसांसाठी राखून ठेवता येतात. दुसरा प्रश्न विजेचा. विजा जूनमध्ये आणि परतीच्या पावसात कडाडतात, मग स्थितिक विद्युत हिवाळ्यात ढकलणे बरोबर का? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. वीज कडाडत असताना झाडाखाली उभे राहू नये, मोकळ्या रानातून पक्क्या घरात यावे, हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच सांगितले पाहिजे. आपत्ती व्यवस्थापनाच्या पाठाचा तेवढा भाग पुढे ओढावा. प्रभार म्हणजे काय, हे मात्र कोरड्या हवेत हातांनी करून पाहण्याचे काम आहे. ते जानेवारीत व्हावे आणि तेव्हा जूनमधल्या सूचनांमागचे कारण उलगडावे.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि परीक्षेचा, आणि तोच खरा अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सहावी ते आठवीला वर्षाला 220 कार्यदिन आणि 1000 अध्यापन तास हवेत. सहा दिवसांच्या आठवड्याने 220 दिवसांचे साधारण 36 आठवडे होतात. आठवड्याला पाच तासिका धरल्या तर 180, म्हणजे सातवीत पाठामागे नऊ. हा कागदावरचा हिशोब. चाचण्या, संकलित मूल्यमापन, स्नेहसंमेलन, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे वजा केल्यावर पाठामागे नऊ तासिका कुणाच्याच पदरात पडत नाहीत. म्हणूनच धडे समान वाटून टाकणे परवडत नाही. काही पाठ तीन तासिकांत होतात, काहींना बारा द्याव्या लागतात, आणि हे जूनमध्ये ठरवले नाही तर ते आपोआप फेब्रुवारीत ठरते. मग शेवटचे सगळे पाठ पोर्शन संपवण्यासाठी उरकले जातात. नियोजनात सुरुवातीपासूनच दर महिन्याला तीन-चार तासिका रिकाम्या सोडाव्यात, कारण त्या जाणारच आहेत. परीक्षेचे म्हणाल, तर जिथे तालुक्यात किंवा संस्थेत एकच प्रश्नपत्रिका निघते तिथे एकट्या शिक्षकाला सत्राबाहेर धडा नेता येत नाही, हे मान्य. तरीही सत्राच्या आत क्रम बदलायला कुणाची आडकाठी नाही, आणि पावसाची, सावलीची, ताऱ्यांची नोंद तर धड्यांच्या क्रमाला हात न लावता चालते. या नोंदवह्यांना आकारिक मूल्यमापनात गुण देता येतात. त्यासाठी वेगळा प्रकल्प शोधावा लागत नाही.

सत्रांची सीमा ओलांडायची असेल तर निर्णय एकत्रच घ्यावा लागेल आणि त्याची जागा आपल्याकडे तयार आहे: केंद्राची शिक्षण परिषद. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम 2002 पर्यंत चालला आणि सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. प्रयोगावर आधारलेली पुस्तके आणि साहित्याची पेटी ही त्याची ओळख होती. पण शिक्षकांच्या मासिक बैठकाही त्याचा कणा होत्या. मागच्या महिन्यात काय जमले, काय अडले, पुढे काय घ्यायचे, हे तिथे शिक्षकच बोलत. ऋतूंवर बेतलेले नियोजन अशाच बैठकीत होऊ शकते, कारण ते गावागावाला वेगळे असणार. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, कोकणात हवा हिवाळ्यातही पुरती कोरडी होत नाही, मराठवाड्यात पाऊस कधी सुरू होईल याची खात्री नसते. गटावर फिरणारा किंवा मार्गदर्शिकेसोबत मिळणारा तयार तक्ता या तिन्ही ठिकाणी सारखाच निरुपयोगी ठरतो.

तेव्हा यंदा संपूर्ण तक्ता उलथवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. प्रत्येक इयत्तेत ऋतूमुळे अडणारी एक जोडी शोधा आणि केंद्रातल्या सहकाऱ्यांशी बोलून ती बदला. एक दीर्घ नोंद निवडून ती जूनमध्येच सुरू करा. टाचणात प्रत्येक प्रयोगापुढे तो झाला की फसला आणि त्या दिवशी हवा कशी होती, एवढे लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा तक्ता भरताना अनुक्रमणिकेपेक्षा हे टाचण जास्त उपयोगी पडेल आणि प्रश्नपत्रिकेची तारीख किंवा धड्याचा क्रम बदलून मागताना अधिकाऱ्यांपुढे ठेवायला तोच सर्वांत भक्कम पुरावा असेल.